रामेश्वर : आसेतुहिमाचलातला सेतू

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या, त्यांच्या भाषणात एक शब्द हमखास असायचा : 'आसेतुहिमाचल'. पंधरा ऑगस्टच्या भाषणात तो आला नाही तर भाषण पूर्ण झाल्यासारखे वाटत नसे. हिमाचल म्हणजे हिमालय, हे सगळ्यांना कळायचे. सेतू म्हणजे पूल, एवढेही ठाऊक होते. पण देशाचे एक टोक जगातल्या सर्वात उंच पर्वताने सांगायचे आणि दुसरे टोक एका पुलाने, हे जरा विचित्रच नाही का? पर्वत निसर्गाने केलेला, पूल माणसांनी बांधलेला. हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. तीस वर्षांनी, रामेश्वरची वाट तुडवल्यावर आणि त्यानिमित्ताने थोडेफार वाचल्यावर आला. १९९५ च्या बॅचच्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा नोकरीतल्या गमतीजमती लिहिण्यापेक्षा या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर तुमच्यापुढे ठेवावे असे वाटले. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केले आणि गेली वीस-बावीस वर्षे संगणकापुढे बसून पोट भरते आहे. इतिहासाच्या बाईंनी पेपर तपासावा तसा हा लेख तपासावा, माझी हरकत नाही.

बेट आणि कथा

रामेश्वर हे तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळचे बेट. नकाशात त्याचे नाव पांबन बेट असे दिसेल. वाळू आणि प्रवाळ यांचे बनलेले, सपाट, वाऱ्यावर उघडे. त्याचे एक टोक भारताच्या मुख्य भूमीकडे, तर दुसरे निमुळते टोक श्रीलंकेकडे बोट दाखवावे तसे समुद्रात घुसलेले. या टोकाला धनुष्कोडी म्हणतात. तिथून पुढे श्रीलंकेतल्या तलैमन्नारपर्यंत वाळूच्या दांड्यांची आणि उथळ पाण्याची एक रांगच आहे. पाणी इतके उथळ, की मोठी जहाजे इथून जाऊ शकत नाहीत, त्यांना लंकेला वळसा घालावा लागतो. हाच आपला रामसेतू.

वाल्मीकींच्या युद्धकांडात सेतुबंधनाचे वर्णन आहे आणि माझ्यासारखीला ते वाचताना मौज वाटते. विश्वकर्म्याचा मुलगा नल हा कामाचा प्रमुख. वानर झाडे, शिळा, डोंगर आणून टाकताहेत. कोणी सूत धरून सरळ रेषा पाहतो आहे. आणि रोजच्या कामाचा हिशेबही प्रचलित पाठात दिलेला आहे : पहिल्या दिवशी चौदा योजने, दुसऱ्या दिवशी वीस, मग एकवीस, बावीस आणि पाचव्या दिवशी तेवीस. बेरीज करून पाहा, बरोबर शंभर. पहिल्या दिवशी काम कमी, कारण माणसे नवी असतात. हात बसला की वेग वाढतो. कामावर देखरेख केलेल्या कोणालाही हे आकडे ओळखीचे वाटतील.

शिवलिंगाची गोष्ट मात्र पुराणांतून बहरली. स्कंदपुराणातल्या सेतुमाहात्म्यात ती येते. रावण हा पुलस्त्यकुळातला ब्राह्मण. त्याला मारल्यावर ब्रह्महत्येचे पाप लागले, त्याच्या निवारणासाठी रामाने इथे शिवाची स्थापना करायची ठरवली. लिंग आणायला हनुमानाला कैलासावर पाठवले. मुहूर्त जवळ आला तरी तो परतेना. शेवटी सीतेने समुद्राच्या वाळूचे लिंग केले आणि त्याचीच स्थापना झाली. तेच रामलिंग, म्हणजे आजचे रामनाथस्वामी. हनुमान परतला आणि पाहतो तर काम उरकलेले. तो दुखावला. शेपटी गुंडाळून त्याने वाळूचे लिंग उपटायचा प्रयत्न केला, ते हलले नाही. तेव्हा रामाने त्याची समजूत काढली. त्याने आणलेले लिंगही शेजारी बसवले आणि सांगितले, की पूजा आधी याची, मग माझ्या लिंगाची. आजही रामेश्वरात तोच क्रम आहे. आधी विश्वलिंग, मग रामलिंग.

तुलसीदासांनी हीच स्थापना युद्धाच्या आधी, सेतू बांधतानाच झाली असे सांगितले आहे. एकच कथा, दोन क्रम. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे : विष्णूचा अवतार समुद्रकाठी शिवापुढे हात जोडून उभा आहे. शैव आणि वैष्णव यांच्यातले अंतरही इथे बुजवलेले आहे. बारा ज्योतिर्लिंगांत रामेश्वर आहे आणि बदरी, द्वारका, जगन्नाथपुरी यांच्या बरोबरीने चार धामांतही आहे. दोन्ही याद्यांत असलेले हे एकच देऊळ. आणि ही थोरवी फक्त उत्तरेकडून आलेल्या रामकथेची नाही. सातव्या शतकातल्या संबंदर आणि अप्पर या तमिळ शैव संतांनी या क्षेत्रावर पदे गायलेली आहेत. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीही तमिळ भक्तांना हे आपलेच वाटत होते.

दगड कोणी आणला?

आता कथेकडून इमारतीकडे येऊ. रामेश्वरचे सगळ्यात प्रसिद्ध वैभव म्हणजे तिथले प्राकार, म्हणजे गाभाऱ्याभोवतीचे छत असलेले लांबलचक मार्ग. बाहेरच्या प्राकाराच्या एका कोपऱ्यात उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या कोरीव खांबांच्या रांगा लहान लहान होत जाऊन दूर एका ठिपक्यात मिळाल्यासारख्या दिसतात. चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलेले यथार्थदर्शन आठवा, तेच, फक्त दगडात. या प्राकारात सुमारे बाराशे बारा खांब आहेत आणि देवळातल्या सगळ्या प्राकारांची मिळून लांबी ३८५० फूट सांगतात. भारतीय वास्तुकलेचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात असे मत दिले होते, की द्राविड शैलीचे सगळे गुण आणि सगळे दोष एकाच देवळात दाखवायचे झाले तर रामेश्वरच निवडावे लागेल. दोष त्यांना दिसले असतील. प्राकारात उभे राहिल्यावर मला मात्र एकही सुचला नाही.

पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. बेट वाळूचे. मग हा सगळा टणक दगड आला कुठून? उत्तर एकच : पाण्यावरून. एकेक खांब, एकेक शिळा नावेत घालून आणावी लागली. सीतेचे लिंग वाळूचे होते, कारण इथे वाळूच होती. त्यावरचे देऊळ दगडाचे झाले, ते दुसऱ्यांनी आणून दिलेल्या दगडाने.

हे दुसरे कोण? इथे इतिहास फार सुंदर होतो. गाभारा बाराव्या शतकात पराक्रमबाहू या सिंहली राजाने बांधवला आणि त्याचा दगड लंकेतल्या त्रिंकोमलीहून आणला, असे परंपरा सांगते. त्याच्या पाठोपाठ राज्य करणाऱ्या निश्शंकमल्लाने तर रामेश्वरला देऊळ उभारल्याचे आपल्या शिलालेखातच कोरून ठेवले आहे. हे लंकेचे राजे होते आणि बौद्ध धर्माचे पालनकर्ते होते. लंकाविजयाची आठवण म्हणून ज्या देवळाची कथा सांगितली जाते, त्याला लंकेच्याच राजांचे हात लागले! पुढे जाफन्याच्या आर्यचक्रवर्ती राजांनी आपल्या नाण्यांवर 'सेतु' हा शब्दच छापला. समुद्राच्या पलीकडच्या माणसांनाही सेतू आपल्या राज्याची खूण वाटत होता.

अलीकडच्या काठावर रामनाथपुरमचे राजे होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मदुरेच्या नायकांनी या मरवर घराण्याकडे सेतूच्या वाटेचे आणि यात्रेकरूंचे रक्षण सोपवले आणि त्यांना 'सेतुपती' ही पदवी रूढ झाली. राजाला पदवी मिळते ती सहसा भूमीवरून नाहीतर युद्धावरून. याची पदवी पुलाच्या राखणीवरून. तो लांबच लांब बाहेरचा प्राकार अठराव्या शतकात मुत्तुरामलिंग सेतुपतींच्या काळात पुरा झाला. पूर्वेच्या गोपुराचे काम सतराव्या शतकात सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एका चेट्टियार घराण्याने ते तडीस नेले. अडीचशे वर्षे रखडलेले काम! आमच्या क्षेत्रात असे काही झाले असते तर ग्राहक कधीच निघून गेला असता. इथे कोणी गेले नाही. ज्याच्या हातून जेवढे झाले तेवढे त्याने केले आणि पुढच्याच्या हाती दिले.

याच घराण्यातल्या भास्कर सेतुपतींनी स्वामी विवेकानंदांना शिकागोला जाण्याचा आग्रह धरला होता. परत येताना स्वामीजींनी भारतभूमीवर पहिले पाऊल ठेवले ते २६ जानेवारी १८९७ रोजी, याच बेटावर, पांबनला. दुसऱ्या दिवशी ते रामेश्वरच्या देवळात बोलले. विषय होता, खरी पूजा कोणती. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा, की गरिबात, दुबळ्यात, आजाऱ्यात ज्याला शिव दिसतो त्याचीच पूजा खरी. जो फक्त मूर्तीत शिव पाहतो त्याची पूजा अजून प्राथमिक पायरीवर आहे. देवळात उभे राहून हे सांगायला धैर्य लागते आणि ऐकून घ्यायलाही. सेतुपतींनी ते नुसते ऐकले नाही. पुढच्या दिवशी त्यांनी हजारो गोरगरिबांना जेवू घातले.

आपली माणसे

आता आपल्याशी असलेला संबंध. मला स्वतःला हा भाग वाचताना सर्वात आनंद झाला.

रामेश्वरच्या गाभाऱ्यात पूजा करण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुळाच्या ब्राह्मण घराण्यांकडे आहे आणि त्यांना दीक्षा मिळते ती कर्नाटकातल्या शृंगेरी मठाची. देऊळ तमिळ देशात, पुजारी मराठी, दीक्षा कन्नड मुलखातली, आणि अभिषेकाचे पाणी काशीचे. आपल्याकडे अशी योजना इतर क्षेत्रांतही दिसते. हिमालयातल्या बदरीनाथाचे रावळ केरळचे नंबुद्री, नेपाळच्या पशुपतिनाथाचे पुजारी दक्षिणेतले. देव एका टोकाचा, पुजारी दुसऱ्या टोकाचा.

दुसरा धागा तंजावरचा. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावरला राज्य स्थापले आणि ते भोसले घराणे १८५५ पर्यंत तिथे टिकले. उत्तरेकडून रामेश्वरला जाणारी वाट तंजावरच्या मुलखातून जायची. या वाटेवर भोसले राजांनी छत्रे बांधली, म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे आणि धर्मशाळा. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांतले प्रसिद्ध. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०० च्या सुमारास ते बांधले. या राजांना त्या वेळी राज्याच्या रक्षणापेक्षाही काळजी होती ती छत्रांची. इंग्रजांनी राज्याचा कारभार हाती घेतल्यावर सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचे काम समजावून सांगितले. रामेश्वरच्या वाटेवर कोणत्याही जातीच्या वाटसरूला जेवण मिळते, आजाऱ्याला वैद्य आणि औषध मिळते, छत्रात मुलांना शिकवायला शिक्षक नेमलेले आहेत, हे त्यांनी त्यात नमूद केले. हे आपल्या घराण्याचे सर्वात मोलाचे काम आहे, ते थांबू नये, असा त्या पत्राचा रोख आहे. तलवार हातून गेल्यावर राजाने अन्नछत्र आणि शाळा वाचवायला धडपडावे, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असायला हवे होते. परीक्षेला आले असते तर मी आनंदाने दहा मार्कांचे उत्तर लिहिले असते.

आणि तिसरा धागा तर प्रत्येक मराठी घरात आहे. 'काशीरामेश्वर करून आले' असे आपण एका दमात म्हणतो, जणू ते एकच गाव आहे. शास्त्राप्रमाणे पाहिले तर ती एकच यात्रा आहेही. रामेश्वरची वाळू न्यायची, प्रयागला गंगेत सोडायची, तिथले गंगाजल घ्यायचे आणि परत रामेश्वरला येऊन अभिषेक करायचा. आगगाडी नव्हती तेव्हा लोकांनी हे चालत केले. आयुष्यातली दोन-तीन वर्षे त्यात जायची, परत येण्याची खात्री नसायची, म्हणून निघण्यापूर्वी निरवानिरव करून जायचे.

याच यात्रेतली संत एकनाथांची गोष्ट आपल्याला शाळेत होती. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वरला न्यायची, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी नाथांनी ती रिकामी केली. बरोबरचे हळहळले. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर मला इथेच भेटला. लहानपणी मला त्या गोष्टीत गाढवाची दया दिसायची. आता दिसते ती कावड. काशीपासून एवढे अंतर जपून आणलेले पाणी, प्रत्येक मुक्कामी सांभाळलेले. ज्याला त्या पाण्याची किंमत ठाऊक होती, त्यानेच ते दिले. म्हणून गोष्ट टिकली. आणि पाहा, विवेकानंदांनी देवळात उभे राहून जे सांगितले तेच नाथांनी तीनशे वर्षे आधी वाळवंटात करून दाखवले होते.

वाळूची डबी

आमच्या घरातही हे काशीरामेश्वर अर्धवट राहिले होते. बाबांच्या मनात निवृत्तीनंतर आईला घेऊन जायचे होते. वेळापत्रक आणि धर्मशाळांचे पत्ते त्यांनी एका वहीत लिहून ठेवले होते. निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. २०१९ मध्ये मी आईला घेऊन निघाले. वही बरोबर होती.

तिथला क्रम असा. आधी देवळासमोरच्या समुद्रात, म्हणजे अग्नितीर्थात स्नान. मग ओल्या अंगानेच देवळात जाऊन बावीस तीर्थांचे स्नान. ही तीर्थे म्हणजे बहुतेक विहिरी. कठड्यावर उभा असलेला माणूस दोरीने बादली खाली सोडतो आणि वर ओढून आपल्या डोक्यावर ओततो. एका विहिरीकडून दुसरीकडे लोक ओल्या कपड्यांनी, थरथरत, हसत धावत असतात. कोण कुठला ते कळत नाही, सगळे सारखेच भिजलेले. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींचे पाणी समुद्रासारखे खारट नाही आणि प्रत्येक विहिरीची चव निराळी लागते. गुडघेदुखीमुळे आईने पाच-सहा तीर्थांनंतर थांबावे असे मी सुचवत होते. तिने बावीसही पुरी केली.

पहाटेचे स्फटिकलिंगाचे दर्शन तिने घेतले. आद्य शंकराचार्यांनी ते दिले अशी श्रद्धा आहे. पूजा सांगणारे गुरुजी तिच्याशी मराठीत बोलू लागले. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि काही शब्द आजीच्या तोंडी असायचे तसे जुने. कोणत्या पिढीत आलात, असे आईने विचारले. त्यांनी हात वर करून 'फार पूर्वी' अशी खूण केली आणि संकल्पासाठी बाबांचे नाव विचारले.

आईने किनाऱ्यावरची मूठभर वाळू स्टीलच्या डबीत भरली. पुढच्या वर्षी प्रयागला जायचे ठरले होते. पुढचे वर्ष म्हणजे २०२०. ती डबी दोन वर्षे आमच्या देवघरात राहिली. रोज पूजेच्या वेळी आई तिच्यावरही एक फूल ठेवायची. त्या दोन वर्षांत घरातले आजारपण, सोसायटीतल्या वाईट बातम्या, आपल्या बॅचच्या ग्रुपवर आलेले श्रद्धांजलीचे संदेश हे सगळे तिने त्या डबीसमोर बसून ऐकले. २०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही प्रयागला गेलो आणि संगमावर तिने ती रिकामी केली. बाबांच्या वहीत त्या पानावर तिने स्वतःच्या हाताने तारीख लिहिली. मी फारशी धार्मिक नाही, हे माझ्या मैत्रिणींना ठाऊक आहे. पण यात्रा माणसाला काय देते, ते मला त्या तारखेकडे पाहून कळले. अर्धे राहिलेले काम पुरे करण्याची एक जागा आणि एक रीत ती देते.

लोखंडाचे सेतू आणि धनुष्कोडीची रात्र

आम्ही गेलो तेव्हा गाडी जुन्या पांबन पुलावरून गेली. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झालेला हा सुमारे दोन किलोमीटरचा पूल. मधला भाग दोन पाकळ्यांसारखा उघडायचा, म्हणजे बोटींना वाट मिळायची, आणि तो माणसे हाताने तरफा फिरवून उघडत. पुलाला कठडे नाहीत. खिडकीतून खाली पाहिले की नुसते पाणीच दिसते, जणू गाडी समुद्रावरूनच चालली आहे. डबाभर लोक नमस्कार करत होते.

पूल झाला आणि गाडी थेट धनुष्कोडीपर्यंत गेली. चेन्नईहून आलेले प्रवासी तिथे बोटीत बसून तलैमन्नारला उतरत आणि पुढे लंकेची गाडी पकडत. एका तिकिटावर चेन्नई ते कोलंबो. धनुष्कोडीला स्टेशन, पोस्ट, शाळा, चर्च, देऊळ, कस्टमची कचेरी असे सगळे होते.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने हे गाव नेले. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ पोहोचली होती. लाटेने ती प्रवाशांसह गिळली. शंभराहून अधिक माणसे होती, त्यांतले कोणी वाचले नाही. सरकारने पुढे धनुष्कोडी राहण्यास अयोग्य ठरवले. आज तिथे वाळूत उभ्या भिंती, चर्चचा सांगाडा, स्टेशनचे अवशेष आहेत. जवळचे कोदंडरामाचे देऊळ मात्र त्या वादळातून वाचले. बिभीषण रामाला शरण आला ती हीच जागा, असे मानतात.

पांबन पुलाचे बहुतेक गर्डर त्या रात्री वाहून गेले. दुरुस्तीला सहा महिने लागतील असा अंदाज होता, मग तीन महिन्यांची मुदत ठरली. एका तरुण अभियंत्यावर काम सोपवले गेले. त्याने समुद्रात पडलेले गर्डर कोळ्यांच्या मदतीने शोधून वर काढले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. त्यांचे नाव ई. श्रीधरन. हेच श्रीधरन पुढे आपल्या कोकण रेल्वेचे शिल्पकार झाले. सुट्टीत कोकणात जाताना आपण ज्या पुलांवरून आणि बोगद्यांतून जातो, त्यांच्या मागे पांबनचे ते ४६ दिवस आहेत. नलाच्या पाच दिवसांनंतर सेतूच्या कामाचा हिशेब असा दुसऱ्यांदा लक्षात राहिला.

१९८८ मध्ये शेजारी मोटारींचा पूल झाला. जुन्या पुलावरची रेल्वे २०२२ च्या डिसेंबरात थांबली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा भाग उद्वाहनासारखा सरळ वर उचलला जातो. माझ्यातल्या इंजिनिअरने त्याची चित्रफीत कितीतरी वेळा पाहिली.

बाकावरची जागा

शेवटची गोष्ट शाळेतली आहे, म्हणून या स्मरणिकेत ती हवीच.

१९३१ साली याच रामेश्वरात अब्दुल कलाम जन्मले. त्यांचे वडील जैनुलाबदीन यांनी नाव बांधली आणि ते यात्रेकरूंना रामेश्वरहून धनुष्कोडीला नेत-आणत. सीतारामकल्याण उत्सवात देवाच्या मूर्ती रामतीर्थ तळ्यातल्या मंडपात नेण्यासाठी नावांची व्यवस्था कलामांच्या घराकडे असे. देवळाचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मणशास्त्री आणि जैनुलाबदीन हे जिवलग मित्र. दोघे आपापल्या वेषात बसून अध्यात्मावर बोलत. 'अग्निपंख' तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. त्यातला प्रसंग आठवा. पाचवीच्या वर्गात कलाम पहिल्या बाकावर लक्ष्मणशास्त्रींच्या मुलाशेजारी, रामनाधशेजारी बसत. नव्या शिक्षकांना पुजाऱ्याच्या मुलाजवळ टोपीवाला मुसलमान मुलगा बसलेला खपला नाही. त्यांनी त्याला मागच्या बाकावर पाठवले. रामनाध रडू लागला. दोघांनी घरी सांगितले. लक्ष्मणशास्त्रींनी शिक्षकांना बोलावून बजावले, की निष्पाप मुलांच्या मनात भेदभावाचे विष कालवू नका. माफी मागा, नाहीतर शाळा आणि बेट सोडून जा. शिक्षकांना आपली चूक उमगली.

देवळाच्या मुख्य पुजाऱ्याने शाळेतल्या बाकावरची एक जागा राखली. बाराशे खांबांच्या देवळाची आध्यात्मिक परंपरा मला कोणी एका वाक्यात विचारली, तर मी हे वाक्य सांगेन. कारण जागा देणे हेच तिथे शतकानुशतके चालत आले आहे. लंकेच्या राजाला, मरवर राखणदाराला, मराठी पुजाऱ्याला, तंजावरच्या छत्रात जेवणाऱ्या अनोळखी वाटसरूला, मुसलमान नावाड्याला. त्यांतला एक जरी वजा केला तरी देऊळ आज आहे तसे राहत नाही. आणि हे आपोआप टिकत नाही. एका शिक्षकाच्या एका हुकमाने त्याला तडा जाऊ शकतो. जुन्या पुलाला खाऱ्या हवेचा गंज चढायचा, म्हणून त्याची देखभाल कधी थांबायची नाही. या दुसऱ्या सेतूचेही तसेच आहे.

आपल्या वर्गात दर सोमवारी बाक बदलायची पद्धत होती. पुढचे मागे जायचे, मागचे पुढे यायचे. आपण कुरकुरायचो. शिक्षकांनी तेव्हा कारण सांगितले नव्हते. त्यांनी आमच्यासाठी काय केले ते आता कळते आणि त्याबद्दल सर्व गुरुजनांना नमस्कार.

मित्रमैत्रिणींनो, रामेश्वरला जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. बाहेरच्या प्राकारात गर्दी होण्यापूर्वी एकदा शांतपणे चालून या. बावीस तीर्थांसाठी कोरड्या कपड्यांची पिशवी बाहेर कोणाकडे तरी ठेवा. धनुष्कोडीला दिवसाउजेडी जा आणि त्या गाडीतल्या माणसांसाठी क्षणभर उभे राहा. घरात काशीचे गंगाजल कुणी ठेवून गेले असेल, तर ते बरोबर न्या. ते तिथेच पोहोचायचे असते.

आणि ज्यांना तीस वर्षांत एकाही संमेलनाला येता आले नाही, ज्यांना उशीर झाल्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी रामेश्वरचा नियम पुन्हा सांगते. कैलासाहून उशिरा आलेल्याची पूजा तिथे आधी होते.